फोटो ठेवायचे कुठे? – स्टुडिओच्या निगेटिव्हपासून क्लाऊडच्या वर्गणीपर्यंत



आज आपण घरातल्या एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. घरातले फोटो ठेवायचे कुठे, आणि ते ठेवण्याचा खर्च कोणी करायचा?

हा प्रश्न आमच्याकडे आला तो डिजिटल फोटो फ्रेममुळे. हल्ली नोकरीसाठी परगावी, परदेशी गेलेली मुलं आईवडिलांना अशी फ्रेम भेट देतात. भिंतीवर किंवा टीव्हीशेजारी ठेवायची, वाय-फायला जोडायची. लेक तिकडून नातवाचा फोटो पाठवते, तो इथे आंबिवलीत घरातल्या फ्रेमवर दिसतो. वस्तू छानच आहे. पण काही महिन्यांनी फोनवर निरोप येतो की जागा भरली, आता वर्गणी भरा. मग गटाच्या बैठकीत चर्चा सुरू होते. फ्रेमचे पैसे तर दिले होते, मग आता हे कसले? आणि नाही भरले तर फोटो जातील का?

आम्ही ठरवलं की याचं उत्तर नुसतं मोबाईलच्या दुकानात न विचारता जरा मागे जाऊन शोधायचं. तसं शोधल्यावर दिसलं की हा प्रश्न नवा नाही. फोटो काढणं आणि फोटो टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हींचा खर्चही वेगळा आहे. काढण्याचा खर्च सगळ्यांना दिसतो. टिकवण्याचा खर्च कोणीतरी गुपचूप करत असतं, आणि तो करायचा थांबला की मग आपल्या लक्षात येतं.

रेल्वे आणि कॅमेरा

फोटो काढण्याची रीत १८३९ साली फ्रान्समध्ये जगासमोर आली. आपल्याकडे ती फार लवकर पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रेल्वे ठाण्याहून पुढे कल्याणला आली. १८६१ साली ती कसाऱ्यापर्यंत गेली. ज्या मार्गावर आपलं आंबिवली स्टेशन आहे, तो हाच मार्ग. म्हणजे आपल्या भागात आगगाडीची शिट्टी आणि मुंबईत कॅमेरा, दोन्ही एकाच काळातले.

त्या वेळच्या मुंबईत कॅमेरा हाताळणाऱ्यांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. पण फोटो म्हणजे तेव्हा मोठं काम. काचेच्या पट्टीवर रसायनं लावायची, माणसाला न हलता बसवायचं, मग अंधाऱ्या खोलीत जाऊन ती पट्टी धुवायची. हे परवडायचं संस्थानिकांना, गोऱ्या साहेबांना आणि शेठ-सावकारांना. बायकांचे फोटो तर त्याहून कमी, कारण परक्या पुरुषासमोर बसायचं कसं? लाला दीनदयाळ हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्यांनी हैदराबादेत १८९२ साली खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथलं काम एका इंग्रज बाईंकडे सोपवलं. बायकांनाही आपला फोटो हवा असायचा, एवढं यावरून दिसतं.

कल्याणच्या लेकीचा फोटो

आता आपल्या शेजारचीच गोष्ट. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. आंबिवलीहून कल्याण म्हणजे मध्ये एक शहाड सोडलं की आलंच. आनंदीबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

त्यांचा एक फोटो तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. तीन बाया शेजारी शेजारी बसल्या आहेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि तिसऱ्या सीरियातल्या दमास्कसच्या इस्लामबुली. हा फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा आहे.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांचं एकुलतं मूल जन्मानंतर दहा दिवसांतच गेलं होतं, म्हणजे अल्बम जपायला लेक नाही, नातवंडं नाहीत. मग आज एकशे चाळीस वर्षांनी आपण हा फोटो बघतो तो कसा?

तो बघतो कारण त्या कॉलेजाने तो ठेवला. पुढे त्या कॉलेजाचं नाव बदललं, ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं, आणि आज तो संग्रह फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. मालक बदलले, पण प्रत्येक वेळी कोणीतरी तो पेटारा पुढच्याच्या हाती दिला. खोलीचं भाडं, कपाटं, माणसांचे पगार, सगळं कोणीतरी भरलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या फोटोच्या खाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. आनंदीबाईंच्या गावाचं स्पेलिंग चुकलं आहे, पण नाव आहे. ते नाव नसतं तर आज कोणाला कळलं असतं की साडीतली ही मुलगी कल्याणची? फोटो टिकण्यासाठी तीन गोष्टी लागल्या: ठेवायला जागा, जागेचा खर्च करणारं कोणीतरी, आणि खाली लिहिलेलं नाव. आजही याच तीन गोष्टी लागतात.

स्वस्त कॅमेरा, महाग रीळ

फोटो सामान्य माणसाच्या हातात आणला तो अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमन यांनी. १८८८ साली त्यांनी कोडॅक नावाचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचं रीळ आधीच भरलेलं. सगळे फोटो काढून झाले की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. कंपनी फोटो धुऊन द्यायची, नवं रीळ भरून द्यायची आणि त्याचे १० डॉलर घ्यायची. १९०० साली त्यांनी ब्राउनी नावाचा कॅमेरा काढला, तो तर एका डॉलरला. पण त्याला लागणारं रीळ कोण विकणार? कोडॅकच.

हा हिशेब नीट समजून घ्या, कारण आजच्या फोटो फ्रेमचा हिशेब याच घराण्यातला आहे. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि पुढे जे वारंवार लागतं त्याचे पैसे घ्यायचे. गॅसची शेगडी एकदाच घ्यावी लागते, पण सिलिंडर दर वेळी भरावाच लागतो ना, तसं. यात फसवणूक आहे असं नाही. पण घेताना शेगडीची किंमत विचारतो तशी सिलिंडरचीही विचारायला हवी.

आपल्या घरांतले फोटो

आपल्याकडे घरोघरी फोटो यायला बराच वेळ लागला. रिळं परदेशातून यायची आणि महाग असायची. म्हणून सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. १९६७ साली तिथे उत्पादन सुरू झालं आणि 'इंदू' नावाची काळी-पांढरी फिल्म बाजारात आली. बडोद्यात तयार होणारा आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला. एका रिळात बाराच फोटो. त्यामुळे लग्न असो की बारसं, माणसं मोजून फोटो काढायची.

बहुतेकांना मात्र स्टुडिओच. लग्न ठरवण्यासाठी मुलीचा उभा फोटो, शाळेच्या दाखल्यासाठी लहान फोटो, नवरा-बायकोचा खुर्चीवर बसून एक. फोटो आपल्याला मिळायचा आणि निगेटिव्ह स्टुडिओवाला ठेवून घ्यायचा. फोटोच्या पाठीमागे शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर असायचा. पुन्हा प्रत हवी असली की तो नंबर सांगायचा आणि पैसे द्यायचे. बघा, हे आजच्या क्लाऊडसारखंच झालं. आपली वस्तू दुसऱ्याच्या दुकानात, आणि आपल्याकडे फक्त नंबर. स्टुडिओ चालू होता तोवर ठीक. स्टुडिओ बंद झाला, मालक वारला, की निगेटिव्हचे डबे कुठे गेले हे कोणी विचारलं नाही. कित्येक ठिकाणची जुनी निगेटिव्ह त्यातल्या चांदीसाठी भंगारात गेली.

घरातले अल्बम तरी सुरक्षित होते का? २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास नदीच्या काठचे आपले पट्टेही पाण्याखाली गेले. अशा पुरात धान्य जातं, अंथरूण जातं, त्याची भरपाई थोडीफार मिळते. पंचनाम्यात अल्बम लिहिला जात नाही. ओले रंगीत फोटो एकमेकांना आणि प्लास्टिकला चिकटतात आणि ओढून काढले की चेहराच सोलून निघतो. (असं कधी झालं तर ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून सुटू द्या आणि सावलीत, चेहरा वर करून वाळवा.)

आणि आपल्या भागाचा इतिहास तर याच अल्बममध्ये आहे. मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली. कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षं झगडले. पण कंपनीच्या दिवसांतलं जगणं, म्हणजे कॉलनीतले गणपती, पाळीवरून सुटलेली माणसं, हळदीकुंकू, शाळेचं स्नेहसंमेलन, हे कुठल्या सरकारी दप्तरात नाही. ते मोहने, वडवली, अटाळी, गाळेगावच्या पेट्यांत, गादीखाली, पत्र्याच्या ट्रंकांत आहे. ते गेलं की त्या पिढीतल्या बायकांनी काय केलं याचा पुरावाच जातो. पुरुषांचं नाव हजेरीपटावर तरी असतं. आपल्या आया-सासवांचं नाव पुष्कळदा फक्त फोटोच्या मागेच असतं.

मोठ्या संस्थांनाही हे जपणं सोपं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जुन्या नायट्रेट फिल्म २००३ साली लागलेल्या आगीत जळाल्या. म्हणून जाणकार सांगतात की एकाच जागी एकच प्रत कधीही ठेवू नये.

फुकटाची वीस वर्षं

आता मोबाईलच्या काळात येऊ. गंमत अशी की पहिला डिजिटल कॅमेराही कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. पण रीळ विकणाऱ्या कंपनीला रिळाविना फोटो कसा आवडणार? शेवटी २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

रीळ गेलं आणि फोटो काढणं जवळजवळ फुकट झालं. मग ठेवण्याची जागाही फुकट मिळू लागली. त्या जागांचं पुढे काय झालं, ते एकापाठोपाठ एक ऐका.

कोडॅकची एक इंटरनेटवरची गॅलरी होती. आधी फोटो फुकट ठेवून घेत, म्हणजे लोक छापून घेतील. २००९ पासून नियम आला की वर्षाला काहीतरी खरेदी केली तरच फोटो राहतील. २०१२ साली गॅलरीच बंद झाली आणि अमेरिका-कॅनडातल्या ग्राहकांचे फोटो दुसऱ्या कंपनीकडे गेले.

ऑर्कुट तुमच्या घरातल्या तरुणांना आठवत असेल. भारतात ते फार चाललं. ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला दोन वर्षांची मुदत होती. ज्यांना कळलं त्यांनी घेतले.

फोटोबकेट नावाच्या कंपनीने २०१७ साली अचानक सांगितलं की तुमचे फोटो दुसऱ्या पानांवर दिसायला हवे असतील तर वर्षाला जवळपास ४०० डॉलर भरा. फ्लिकरने २०१३ साली प्रत्येकाला हजार जीबी जागा फुकट दिली आणि २०१९ साली ती फक्त हजार फोटोंवर आणली.

आणि आपल्या सगळ्यांच्या फोनमधलं गूगल फोटोज. मे २०१५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा सांगितलं होतं की थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गावोगावच्या बायकांच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला. २०२० च्या नोव्हेंबरात गूगलने सांगितलं की त्यांच्याकडे चार लाख कोटींहून जास्त फोटो आहेत आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नवे फोटो-व्हिडिओ येतात. त्याच वेळी त्यांनी जाहीर केलं की १ जून २०२१ पासून कितीही फुकट हे बंद. आता एका खात्याला १५ जीबी, त्यातच ई-मेल, कागदपत्रं आणि फोटो. पुढे अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजायला लागले.

या सगळ्या गोष्टींत एक सूत्र आहे. फुकट म्हणून दिलेली जागा आधी सवय लावते. सवय लागली, फोटो साठले, की ते दुसरीकडे हलवणं अवघड होतं. मग दर ठरतो. आजही तेच चालू आहे. २०२४ साली जिओने ग्राहकांना १०० जीबी फुकट देण्याचं जाहीर केलं. २०२५ साली एअरटेलने काही ग्राहकांना गूगलची १०० जीबी जागा सहा महिने फुकट दिली, त्यानंतर महिन्याला १२५ रुपये. घ्यायला हरकत नाही. पण सहा महिने कधी संपतात ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

क्लाऊड म्हणजे नेमकं कुठे?

क्लाऊड म्हणजे ढग. नावावरून वाटतं फोटो हवेत कुठेतरी आहेत. तसं नाही. ते मोठमोठ्या इमारतींत, कपाटांसारख्या रचलेल्या यंत्रांमध्ये असतात. अशा इमारती फार लांब नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात कितीतरी डेटा सेंटर उभी आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल येतात आणि वीज मिळते, म्हणून ती इथे आली. तुमचा फोटो नेमका तिथेच असेल असं नाही, तो परदेशातही असू शकतो. पण कुठेही असला तरी तिथे रात्रंदिवस वीज लागते, यंत्रं गार ठेवायला एसी किंवा पाणी लागतं, आणि काही वर्षांनी यंत्रं बदलावी लागतात. म्हणजे ठेवण्याचा खर्च खराच आहे. आपण भरत नसलो तर कंपनी जाहिरातींतून भरते, किंवा पुढे आपल्याकडून घेण्याच्या आशेवर भरते.

फ्रेमचा हिशेब

इंटरनेटला जोडणारी फोटो फ्रेम सन २००० च्या सुमारास अमेरिकेत आली. सीव्हा नावाची एक कंपनी होती. तिची फ्रेम टेलिफोनच्या तारेला जोडायची, रात्री ती आपोआप फोन लावून नवे फोटो उतरवून घ्यायची. त्यालाही वर्षाची वर्गणी होतीच. म्हणजे फ्रेम आणि वर्गणी ही जोडी जन्मापासूनची आहे. मधल्या काळात वाय-फायच्या फ्रेम आल्या तेव्हा कंपन्यांनी गिऱ्हाईक मिळवण्यासाठी जागा फुकट दिली. मग २०२५ साली निक्सप्ले या नावाजलेल्या कंपनीने फुकट जागा कमी करून ५०० एमबीवर आणली. जास्त हवी तर वर्गणी. लोकांनी फ्रेम आधीच घेतलेली होती. दुसरीकडे ऑरा नावाची कंपनी वर्गणी घेत नाही, पण तिची फ्रेम महाग असते. म्हणजे जागेचे पैसे तिने आधीच घेतलेले असतात.

बाजारात ढोबळमानाने दोन जातीच्या फ्रेम मिळतात. एक, जिच्यात मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह घालायचा. तिला इंटरनेट लागत नाही, वर्गणी नाही, पण लांबून कोणी फोटो पाठवू शकत नाही. दुसरी, कंपनीच्या अ‍ॅपमधून फोटो घेणारी. तिच्यावर लेक परगावाहून फोटो टाकू शकते, पण कंपनीने सेवा बंद केली तर ती मुकी होते. काही फ्रेमना दोन्ही सोयी असतात. घेताना दुकानदाराला विचारा: वाय-फाय बंद असताना आतले फोटो दिसतात का? कार्ड चालतं का? फुकट जागा किती, आणि ती संपल्यावर दर काय?

मग वर्गणी भरायची की नाही?

वर्गणी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपण दर महिन्याला गटात भरतोच. पण दोन्हींत फरक आहे. गटात भरलेली बचत आपल्या नावावर राहते. क्लाऊडची वर्गणी भाड्यासारखी आहे. भरली तोवर जागा आपली.

हिशेब करू. मोबाईलचा एक फोटो साधारण ३ एमबी धरला तर १५ जीबीत पाच हजारांच्या आसपास फोटो बसतात. व्हिडिओ मात्र मिनिटाला शंभर एमबीसुद्धा खातो. हळदीचा तासाभराचा व्हिडिओ टाकला तर एकट्याने पाच-सहा जीबी गेले. म्हणजे जागा बहुधा फोटोंनी भरतच नाही. ती व्हिडिओंनी आणि सकाळच्या गुलाबाच्या फुलांच्या शुभेच्छांनी भरते. आधी ती साफ करा. कितीतरी जणींना त्यानंतर वर्गणीची गरजच राहणार नाही.

तरी लागली, तर १०० जीबीचा दर बराच काळ महिन्याला १३० रुपये, वर्षाला १,३०० राहिला आहे. दहा वर्षांचे झाले १३,००० रुपये, तेही दर वाढला नाही तर. दोघी-तिघी नात्यातल्या बायका मिळून कुटुंबाच्या योजनेत एक जागा वाटून घेऊ शकतात. ज्या बाईचा व्यवसाय फोटोवर चालतो, म्हणजे पैठणीच्या पर्सेस, पापड-मसाले, ब्लाऊजची डिझाइन्स, आणि जिला गिऱ्हाइकाला रोज फोटो पाठवावे लागतात, तिने वर्गणी भरणं हा धंद्याचा खर्च आहे, तो करावा. जिला फक्त घरचे फोटो जपायचे आहेत, तिने निवडक शंभर फोटो छापून घ्यावेत. एकदाच खर्च, आणि वीज गेली तरी दिसतात.

आता काही नियम, कारण यातच बायकांचं नुकसान होतं.

जागा पूर्ण भरली की गूगलच्या खात्यात नवे फोटो चढत नाहीत आणि ई-मेलही यायचे थांबतात. बँकेचा, योजनेचा ई-मेल त्याच खात्यावर येत असेल तर तो चुकतो. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त साठा दोन वर्षं तसाच राहिला तर तो पुसला जाऊ शकतो. आणि डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातंच काढून टाकण्याचा नियम आहे. म्हणून जुन्या फोनवरच्या खात्यात अधूनमधून जाऊन या.

वर्गणी आपोआप कापली जात असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि नको असेल तर ती परवानगी रद्द करता येते. तो मेसेज वाचल्याशिवाय पुसू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कितीतरी घरांत खातं नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असतं. माणूस अचानक गेला, पासवर्ड कोणाला माहीत नाही, की त्याच्या आवाजाचे, चेहऱ्याचे सगळे ठसे कुलूपबंद होतात. गूगलच्या खात्यात वारस नेमण्याची सोय २०१३ पासून आहे. खातं ठरावीक काळ बंद राहिलं तर कोणाला कळवायचं आणि कोणाला द्यायचं, ते आधीच सांगून ठेवता येतं. जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण इतकं झगडतो. फोटोंच्या खात्यावरही नाव लावून घ्या. ते काम दहा मिनिटांचं आहे.

पुढच्या बैठकीत

आम्ही सुचवतो की गटाच्या पुढच्या बैठकीत हे एवढं करा. प्रत्येकीने फोनच्या सेटिंगमध्ये किती जागा भरली ते बघावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीने मदत करावी. नको असलेले व्हिडिओ तिथेच पुसावेत. मग गटाचे महत्त्वाचे फोटो, म्हणजे पहिली बैठक, कर्जातून घेतलेलं शिलाई मशीन, प्रदर्शनातला स्टॉल आणि गट सोडून गेलेल्या किंवा वारलेल्या सभासदांचे फोटो, हे तीन जागी ठेवावेत: एक प्रत फोनमध्ये किंवा क्लाऊडवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक छापील. पेन ड्राइव्ह गटाच्या पेटीत ठेवू नका, कारण पाणी शिरलं तर दोन्ही जातील. तो दुसऱ्या गावातल्या एखाद्या सभासदाकडे ठेवा. पेन ड्राइव्हही कायमचा नसतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी नव्यावर उतरवून घ्या, आणि हे काम कोणाचं ते इतिवृत्तात लिहा.

आणि प्रत्येक छापील फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, वर्ष लिहा. 'सौ. पाटील' एवढंच लिहू नका, आपल्या भागात सौ. पाटील शंभर सापडतील. तिचं स्वतःचं नाव लिहा, माहेरचं गाव लिहा, ती काय करायची ते लिहा.

घरात सासूबाई, आजी असतील तर ट्रंकेतले जुने फोटो त्यांच्यासमोर ठेवा आणि कोण कोण आहे ते विचारून घ्या. हे काम मात्र बैठकीपर्यंत थांबवू नका. जागेची वर्गणी पुढच्या महिन्यात भरता येते. नावं सांगणारं माणूस मात्र आज समोर आहे.

पुढच्या भाषणात आपण जुनी कागदपत्रं, रेशनकार्डं आणि कामगारांची ओळखपत्रं कशी जपायची ते बघू. तोवर तुमच्या गटाने काय केलं ते आम्हाला जरूर कळवा.